अकरा महिन्यांची सिस्टर

पहाटे 5

जूनचा पहिला आठवडा. पाऊस आलेला नाही, पण रात्रभर पंखा फिरूनही उशी ओली होते, म्हणजे तो वाटेवर आहे. एरवी या वेळी रायगडाच्या पायथ्याशी आमच्या हिरकणीवाडीत कोंबडा सोडून कुणाचा आवाज नसतो. 6 जून जवळ आला की वाडी झोपतच नाही. राज्याभिषेक सोहळ्याच्या गाड्या रात्रभर येत राहतात. रोपवेच्या खालच्या स्टेशनापाशी उजाडायच्या आत रांग लागते. ज्यांना थांबायला धीर नाही, ते चित्त दरवाजाकडून चौदाशेवर पायऱ्या चढायला निघतात, आणि त्यातले निम्मे पाण्याची बाटलीही घेत नाहीत. आमच्या घरची खाणावळ आहे, त्यामुळे चुलीवर भाकऱ्या सुरू झालेल्या.

सासूबाई मागच्या अंगणात लाकूडफाटा उचलून पडवीत रचतायत. पावसाआधी सगळ्या घरांत हेच चाललेलं असतं. लाकडं, गोवऱ्या, पेंढा आत घ्यायचा, कौलं चाळायची.

"आई, हात घालू नका. आधी काठीने हलवा."

"तुजा रोजचा तोच पाडा गो," त्या म्हणतात, पण काठी घेतात.

वर्षभर न हललेल्या वस्तू या पंधरा-वीस दिवसांत हलतात, आणि त्यांच्या खालचा लाल विंचू माणसाच्या हाताला भेटतो. वाडीत लाकडं हलली की महाडला आमच्या खाटा भरतात. मी डबा भरते, मुलीला सासूबाईंच्या हवाली करते आणि रस्त्यावर येते.

सकाळी 6.30

पाचाड, कोंझरचा उतार, नाते, मग गांधारी ओलांडून दस्तुरी नाका. महाड साधारण पंचवीस किलोमीटर. या एसटीत दूधवाले, शाळेचे शिक्षक, एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी पोरं, आणि मी. महाडमध्ये गाव सांगितलं की अजूनही कुणीतरी विचारतंच, "मग काय, कडा उतरून आलात वाटतं?" हिरकणीला संध्याकाळी गडाचा दरवाजा बंद मिळाला, म्हणून ती कडा उतरली होती. मला रात्री आठनंतर एसटी मिळत नाही, नवऱ्याला जीप घेऊन यावं लागतं.

माहेर माझं अंबाजोगाईकडचं. जीएनएम तिकडेच केलं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात पडल्यापासून कंत्राटावरच आहे. आधी नवी मुंबई, मग कोल्हापूर, लग्न होऊन इकडे आले तेव्हा पनवेल, आणि आता महाडमधल्या एका छोट्या रुग्णालयाचा आयसीयू. पगार एजन्सी देते, काम रुग्णालय सांगतं. सलग नोकरी दिसू नये म्हणून करार अकरा महिन्यांचा. तो संपला की मध्ये खंड पडतो. मग नवा कागद येतो, नाहीतर येत नाही. आजारपणाची रजा घेतली तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात. एवढं सोडलं तर ड्यूटी कायम असलेल्या सिस्टरची तीच माझी: सकाळी आठ ते रात्री आठ.

सकाळी 8

हँडओव्हर. आमच्याकडे सहा खाटा, दोन व्हेंटिलेटर. रात्रीची सिस्टर खाटेगणिक बोलत जाते, मी तिच्यामागे फिरते. ऐकायचं कानांनी, पण हात रिकामे ठेवायचे नाहीत. सिरिंज पंपावर लिहिलेला वेग आणि प्रत्यक्षातला वेग एकच आहे ना, ट्यूब किती सेंटिमीटरवर बांधली आहे, लघवीच्या पिशवीत किती आहे आणि चार्टवर किती लिहिलंय, सक्शन ओढतं का, अंबू बॅग खाटेच्या डोक्याशीच आहे का.

एक नंबरला दम्याचे जुने आजोबा, नाकातोंडावर मास्कचा व्हेंटिलेटर. दोन नंबरला फुरसं चावलेला पोलादपूरकडचा शेतकरी. तीन नंबरला हृदयविकाराचा झटका आलेले गृहस्थ, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रात्रीच दिलेलं. चारला फवारणीचं औषध प्यालेली तरुण बाई, अॅट्रोपिन चालू, नाडी आणि बाहुल्या दर तासाला बघायच्या. पाच आणि सहा रिकाम्या. छोट्या गावच्या आयसीयूत रिकामी खाट फार वेळ रिकामी राहत नाही, म्हणून मी आधी त्या दोघींची तयारी बघते.

व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका, असं नर्सिंगच्या पुस्तकात असतं. आम्ही आज दोघी, मदतीला एक मावशी आणि एक मामा. मामा इथे कित्येक वर्षं आहेत. कुठला ऑक्सिजनचा नळ घट्ट बसतो आणि कुठला फुसफुसतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

सकाळी 9.30

डॉक्टरांची फेरी. दोन नंबरचं रक्त आज पुन्हा तपासायचं. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. मोठ्या शहरात त्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. इथे काम काचेच्या नळीवर होतं. कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळलं तर विषाचा असर अजून आहे, घट्ट राहिलं तर उतरला. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली तर मुळीच नाही, निकाल चुकतो. म्हणून आमच्या कपाटात नव्या काचेच्या नळ्या वेगळ्या डब्यात असतात, आणि ते वीस मिनिटं टेबलाजवळ मावशी पहाऱ्याला बसते.

सर्पदंशावरचं जे प्रतिविष आपल्याकडे मिळतं, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. म्हणून साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नसते. तरी आणतात. दोन नंबरच्या भावाने आणला होता, आणि तो अर्धा जिवंत होता.

वीस मिनिटं झाली. नळी तिरकी केली. रक्त हललं नाही. शेतकऱ्याने विचारलं, "पेरणीला सोडाल ना?" सुजलेला पाय दाखवून डॉक्टर म्हणाले, "पेरणी भाऊ करेल."

सकाळी 11

पाच नंबरला पोरगं आलं. पाच वर्षांचं, सोळा किलो. वाडीवर गोवऱ्या उचलताना बोटाला नांगी लागली, तीन तास झाले. आधी कुणीतरी मंत्र घातला, मग रिक्षा. आई सांगत होती, "आता दुखत पण नाय म्हनतो, गप पडलाय."

कोल्हापुरात असते तर हे ऐकून मला बरं वाटलं असतं. महाडमध्ये ते ऐकून पावलं झपाझप उचलतात. लाल विंचवाच्या विषाने शरीरातल्या नसांचं एक वादळ उठतं: घाम, उलट्या, धडधड, चढलेला रक्तदाब, आणि बर्फासारखे हात-पाय. विष अंगभर चढलेल्या पोराला बोटाचं दुखणं जाणवतच नाही. उलट दंशाच्या जागी नुसतं ठणकतंय आणि बाकी काही नाही, तर भीती कमी. पोराच्या कपाळावर घाम होता, पोटऱ्यांपर्यंत पाय थंड, नाडी एकशे साठ.

या आजारात महाडचं नाव जगभर पोचलं ते डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे. 1976 साली ते जवळच्याच बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचवाने माणसं का मरतात, याचं उत्तर तेव्हा धड कुणाकडे नव्हतं. त्यांनी खाटेशी बसून रक्तदाब मोजत, नोंदी करत पाहिलं की हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी यावर उपयोगी पडते, हे त्यांनी 1986 मध्ये 'लॅन्सेट'मधून मांडलं. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावत. हे प्रमाण पुढे चारच्या खाली आलं. महाडमधल्याच 70 रुग्णांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवलं की प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविषही दिलं तर रुग्ण लवकर सावरतो. तो अभ्यास 2011 मध्ये 'बीएमजे'त आला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही सगळी विद्या मोठ्या यंत्रावाचून जमली, आणि म्हणूनच आमच्यासारख्या सहा खाटांच्या जागी ती रोज वापरता येते.

मात्र तिच्यात बारकावे आहेत. डोस दर किलोला तीस मायक्रोग्रॅम, म्हणजे या पोराला एक मिलिग्रॅमची अर्धी गोळी. गोळी साधीच हवी. रक्तदाबासाठी दुकानात सहज मिळते ती सावकाश विरघळणारी, तिचे तुकडे करून चालत नाही. म्हणून साध्या गोळ्यांची पट्टी आम्ही क्रॅश कार्टच्या वरच्या खणात ठेवतो. गोळी दिल्यावर पोराला उभं करायचं नाही, मांडीवर उचलून बसवायचं नाही, रक्तदाब झपकन उतरतो. हात-पाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुढचा डोस.

आईला नेमकं तेच करायचं होतं, छातीशी धरायचं होतं. मी तिला खाटेशेजारी स्टूल दिलं आणि तिचा तळवा पोराच्या पावलावर ठेवला. "ताई, हे पाऊल कधी गरम लागतंय ते तुम्ही मला सांगायचं." मॉनिटरवर पावलाची ऊब दिसत नाही. आईच्या हाताला आधी कळते.

दुपारी 1.30

जेवण पंधरा मिनिटांत, तेही आळीपाळीने. सोबतची सिस्टर नांदेडची, तिचा करार पुढच्या महिन्यात संपतो. आमच्या बोलण्यात दुसरा विषय क्वचित येतो.

तिची मामेबहीण अमेरिकेत 'ट्रॅव्हल नर्स' आहे. तिकडे साधारण तेरा आठवड्यांचं कंत्राट असतं, आठवड्याला बारा तासांच्या तीन पाळ्या, राहण्याचा भत्ता वेगळा, आणि फिरणारीला जागेवरच्या नर्सपेक्षा जास्त पैसे. आपल्याकडे गणित उलटं. फिरणारीला कमी, जागेवरचीला जास्त, आणि काम दोघींना एकच. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिकांनी बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तो याच भीतीने. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटींना दहा वर्षं झाल्यावर कायम पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला, आणि तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा संप करावा लागला. आम्ही एजन्सीच्या. आम्हाला तो निर्णयही लागू नाही.

पैशाचं दुखणं आहेच. पण माझ्या मते रुग्णांचं नुकसान दुसरीकडे होतं. आयसीयूचं काम कुठेही शिकता येतं: व्हेंटिलेटर पनवेलचा आणि महाडचा एकच. जागेची माहिती मात्र जागेवरच मिळते. इथे "दुखत नाही" म्हणजे धोका, साध्या गोळीची पट्टी कुठल्या खणात, एमआयडीसीतून वायू लागलेला कामगार आला तर कपडे दारातच उतरवायचे, पुरानंतर तापाने आलेल्या भातशेती करणाऱ्याच्या डोळ्यांतली लाली लेप्टोची असू शकते. हे अंगवळणी पडायला सहा-सात महिने जातात. मग उरलेले चार-पाच महिने रुग्णालयाला खरी सिस्टर मिळते. त्यानंतर ती जाते, आणि नवी पुन्हा पहिल्या महिन्यापासून सुरुवात करते.

दुपारी 3

डबा धुवायच्या आत फोन. महामार्गावर मोटरसायकल आणि ट्रक, गडावरून परतणारे दोन तरुण. एक जागीच गेला. दुसरा सहा नंबरवर. हेल्मेट नव्हतं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी. डॉक्टरांनी ट्यूब घातली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त. मेंदूचा सर्जन इथे नाही, म्हणजे नवी मुंबई.

आमच्या कामातला सगळ्यांत मोठा निर्णय हाच असतो, ठेवायचं की पाठवायचं. आणि तो मी लिटरमध्ये मोजते. रुग्णवाहिकेतल्या लहान सिलेंडरमध्ये साधारण पंधराशे लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दहा लिटर लागला तर दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास. पनवेल साधारण सव्वाशे किलोमीटर, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. माणगावला कोंडी लागली की चार तासही पुरत नाहीत. शिवाय आज सोहळ्याची गर्दी. म्हणून एक सिलेंडर चालू, एक पूर्ण भरलेला राखीव, आणि मामा स्वतः मीटर वाचून सांगेपर्यंत गाडी हलत नाही.

108 ची सेवा राज्यात 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या, त्यांतल्या व्हेंटिलेटरसह पूर्ण सज्ज फक्त 233. तसली गाडी मिळेपर्यंत आम्ही पोराचं डोकं तीस अंश वर ठेवून, मान सरळ, रक्तदाब पडू न देता धरून बसतो. बाहेर त्याचे मित्र, अंगावर अजून भगवे फेटे. एकाने विचारलं, "सिस्टर, वाचेल ना?" मी म्हटलं, "गाडीत बसेपर्यंतचं माझ्या हातात आहे, तेवढं नीट करते. त्याच्या घरच्यांना रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट नवी मुंबईला यायला सांगा." अशा वेळी माणसाला हातात काहीतरी काम लागतं. तो फोन लावायला धावला.

चार वाजून गेल्यावर गाडी निघाली. मावशीने सहा नंबर धुवून काढली.

संध्याकाळी 5.30

वारा सुटला, पत्रे वाजले, आणि लाइट गेली. पावसाआधी हे रोजचं. मॉनिटर बॅटरीवर, व्हेंटिलेटर बॅटरीवर, आणि मी आपोआप मोजायला लागते. जनरेटर घ्यायला काही सेकंद लागतात, पण त्या सेकंदांत एक हात आजोबांच्या मास्कवर आणि दुसरा अंबू बॅगवर असतो.

नव्या ठिकाणी रुजू होताना बहुतेक जणी पगार आणि रजा विचारतात. मी महाडला आले तेव्हा विचारलं होतं, "जनरेटर कुठल्या मजल्यावर आहे?" 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी या नद्या शहरात शिरल्या तेव्हा महाडच्या तळमजल्यांवर काय झालं, हे इथला कुणीही भिंतीवरची रेघ दाखवून सांगतो. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. रस्ते बंद, वीज बंद, फोन बंद. तसा दिवस आला तर "पाठवून देऊ" हा पर्यायच उरत नाही. जे करायचं ते या सहा खाटांवर. जनरेटर वरच्या मजल्यावर आहे हे मी स्वतः जिना चढून बघितलं, मगच करारावर सही केली.

लाइट आली. पोलादपूरचा शेतकरी म्हणाला, "पाऊस घाटमाथ्यावर आला असंल."

संध्याकाळी 6.45

पाच नंबरची आई मला हाक मारते. "बाई, डावं पाऊल कोमट लागतंय." मी हात लावते. खरं आहे. उजवं अजून गार, पण घाम थांबलाय, उलटी दुपारनंतर नाही. छातीत स्टेथोस्कोप लावून ऐकते: तळाशी बुडबुड नाही, म्हणजे फुफ्फुसं कोरडी. रक्तदाब लिहिते, वेळ लिहिते, डॉक्टरांना सांगते. तीन डोस झालेत, चौथ्याचं ते ठरवतील.

चार नंबरच्या बाईने दिवसभरात पहिल्यांदा डोळे उघडून नीट माझ्याकडे पाहिलं. काय बोलावं ते तिला सुचलं नाही, मलाही नाही. पाणी मागितलं. डॉक्टरांना विचारून ओठ ओले केले. हिच्या बाबतीत विष उतरल्यावरही काम संपत नाही. तिच्या कागदावर मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून ठेवलं, आणि बाहेर बसलेल्या नवऱ्यापेक्षा आधी तिच्या आईला आत सोडलं.

रात्री 8

हँडओव्हर, आता मी पुढे आणि दुसरी मागे. रात्रीला आलेली पोरगी नवीन आहे, एजन्सीने लातूरहून पाठवलेली, या आठवड्यातच रुजू झाली. आयसीयूचा अनुभव चांगला, पण मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयातला. खाटेगणिक सांगून झाल्यावर मी तिला टेबलाच्या खणातली वही दाखवते. जाड पुठ्ठ्याची, शाळेतली. माझ्या आधीच्या कुणी सुरू केली ते कुणालाच माहीत नाही, अक्षरं चार-पाच जणींची आहेत. "साधी प्राझोसिन, वरचा खण." "काचेच्या नळ्या धुवायच्या नाहीत, फेकायच्या." "तीन नंबरचा ऑक्सिजन नळ मामाला विचारून लावणे." "माणगाव कोंडी: दोन सिलेंडर." औषधशास्त्राच्या पुस्तकात यातलं निम्मं सापडेल, पण रात्री दोन वाजता पुस्तक कोण उघडणार?

"पाच नंबर," मी तिला सांगते, "रडायला लागला तर घाबरू नकोस. आधी हात-पाय बघ."

रात्री 9.45

जीप पाचाडवरून पुढे आली. गडाच्या पायथ्याशी अजून गाड्यांचे दिवे, ढोल चालूच. मुलगी झोपली आहे. सासूबाईंनी भाकरी झाकून ठेवलीय आणि लाकडं सगळी आत गेलीत. "काठीनेच हलवली हां," त्या न विचारता सांगतात.

पहिला घास घेतला आणि फोन वाजला. रात्रीची सिस्टर.

"मॅडम, पाच नंबर बोट धरून जोरजोरात रडतोय. खूप दुखतंय म्हणतोय."

"हात-पाय?"

"दोन्ही गरम. घाम नाही."

"रक्तदाब?"

तिने आकडा सांगितला. व्यवस्थित होता.

"मग विष उतरतंय. आता त्याला बोट जाणवायला लागलं. डॉक्टरांना सांग, दुखण्यावरचं औषध लिहून घे. त्याच्या आईला आधी सांग, ती घाबरली असेल. आणि किती वाजता दुखायला लागलं ते वहीत लिही, तुझ्यानंतर येणारीला लागेल."